हे ठळक का केलंत?

शेटेबाई माझ्या प्रेसमध्ये पहिल्यांदा आल्या तेव्हा लग्नसराई चालू होती. पत्रिका न्यायला आलेल्या वरबापांची गर्दी, कुणाच्या मामाचं नाव राहिलेलं, कुणाच्या आत्याचं नाव खाली गेलेलं, आणि मी त्या दोन घरांच्या भांडणात मधे उभा. बाई कोपऱ्यातल्या बाकावर शांत बसून राहिल्या. गर्दी ओसरल्यावर पुढे आल्या आणि पर्समधून एक सीडी काढून माझ्या टेबलावर ठेवली.

"यात माझं पुस्तक आहे," बाई म्हणाल्या. "जिवंत आहे का, तेवढं बघून सांगा."

माझे जुने कंपोझिटर इक्बालभाई यांनी सीडी लावली, फाइल उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, डोक्यावर टोप्या घातलेली अक्षरं, मधेच डॉलर, मधेच टक्का. इक्बालभाईंनी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं आणि विचारलं, "मालक, ही कानडी हाय व्हय?"

बाई खळखळून हसल्या. "कानडी मला वाचता येतं हो. हे कुणालाच वाचता येणार नाही."

पुढे चांगली ओळख झाल्यावर मला कळलं, त्या दिवशी हसणं सोपं नव्हतं. त्या सीडीत बाईंच्या उमेदीची सगळी वर्षं होती.

बाईंच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथाच्या वाचकांपैकी ज्यांना बाई केवळ नावानं ठाऊक आहेत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. प्रा. रत्नप्रभा शेटे यांनी सांगलीत महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवलं. घर कृष्णाकाठचं, जैन शेतकऱ्याचं. उसाच्या पाटात पाय सोडून वाढलेल्या या बाईंना ओढ लागली ती माण आणि जतच्या कोरड्या रानाची. उन्हाळ्याची आणि दिवाळीची सुट्टी लागली की बाई एसटीनं निघायच्या आणि मेंढरांच्या कळपामागं चालायच्या. कुठला पाला मेंढरू आवडीनं खातं, कुठल्या पाल्याला तोंड लावत नाही, पोट फुगलं तर काय घालतात, जखमेवर काय चोळतात, त्या झुडपाला या गावात काय म्हणतात आणि पलीकडच्या गावात काय, आणि हे सगळं कुणी सांगितलं. यातून 'रानपाला' हा कोश तयार झाला. तो छापणारा प्रेस पुढे बंद पडला. त्या काळच्या अक्षरांच्या ज्या फॉन्टमध्ये कोश जुळवला होता तो फॉन्ट नव्या संगणकावर चालेना. असं त्या काळी सगळ्यांचंच झालं. छापील प्रती कपाटात सुखरूप होत्या, पण मजकूर मुका झाला होता.

मी धंद्याचा माणूस. म्हटलं, "बाई, काळजी करू नका. छापील पानांचे फोटो काढू आणि तसंच्या तसं पुन्हा छापू. आठवड्याचं काम."

"मला पुस्तक नको आहे, माने. पुस्तक माझ्याकडे आहे. मला मजकूर हवा आहे. त्यात अजून पुष्कळ घालायचं आहे. आणि माझ्यामागं कुणाला काही घालावंसं वाटलं तर त्यालाही ते घालता आलं पाहिजे." मग सीडी उचलून पर्समध्ये ठेवत म्हणाल्या, "एकदा हरवलं. पुन्हा टाइप करू, त्यात काय! पण तिसऱ्यांदा करायला मी नसणार. म्हणून या वेळी चुकायचं नाही."

इतक्या सरळ आवाजात कुणी इतकं पक्कं बोललेलं मी ऐकलं नव्हतं. आवाज ओळखायची मला सवय आहे. गिऱ्हाईक 'बघू' म्हणतं तेव्हा ते येणार की नाही, हे मला त्या 'बघू'वरून कळतं. बाईंच्या बोलण्यात 'बघू' नव्हतंच.

मी स्वतः माणचा. आमच्या घरी मेंढरं होती. सांगलीला आलो तो कागदाचे रीम पाठीवर वाहायला. छपाईचे खिळे जुळवायला इक्बालभाईंच्या वडिलांनी शिकवलं, संगणक माझा मी शिकलो. दहावीची परीक्षा मात्र दोनदा दिली, एकदा मनासारखी झाली नाही म्हणून. बाईंचा छापील कोश चाळताना घाणेरीच्या नोंदीखाली 'सांगणारी : गजराबाई माने' असं वाचलं आणि मी खुर्चीत नीट बसलो. ती माझी आई. बाई कधीतरी आमच्या रानात येऊन गेल्या होत्या आणि आईनं मला त्याचा पत्ताही लागू दिला नव्हता. आई जाऊनही तेव्हा बरेच दिवस झाले होते. त्या दिवसापासून हा कोश मी प्रेसचं काम म्हणून केला नाही.

बाईंची काम करायची रीत मी पहिल्यांदा बघितली ती जतला. मी गाडी चालवायला बरोबर गेलो होतो. एका वस्तीवर टँकर आला होता आणि ज्या माउलींना भेटायचं होतं त्या घागरी घेऊन रांगेत उभ्या. त्या म्हणाल्या, "आवं, आता कुठलं झाड न् कुठला पाला! नंबर गेला तर पोरं तान्हेली ऱ्हातील." दुसरं कुणी असतं तर "नंतर येतो" म्हणालं असतं, नाहीतर वही काढून तिथंच प्रश्न विचारत बसलं असतं. बाईंनी त्यांच्या हातातून घागर घेतली. "तुम्ही सावलीत बसून यांना सांगा. रांगेत मी उभी राहते." निवृत्त प्राध्यापिका टँकरच्या रांगेत आणि मी सावलीत, असा तो कार्यक्रम. ती माउली मला अर्ध्या कानडीत, अर्ध्या मराठीत सांगत होती आणि मधेच ओरडत होती, "बाई, फुडं सरका! ती गंगव्वा मदी घुसतीया बघा!" बाई निमूट पुढं सरकत होत्या. परत निघताना मला म्हणाल्या, "गंगव्वा फार जोरकस आहे. तिलाही पुढच्या वेळी विचारू."

आता मुद्द्याकडे येतो. कोश पुन्हा टाइप करायचा ठरलं, तोही गावोगावच्या माणसांकडून, म्हणजे जुन्या नोंदी तपासल्याही जातील आणि नव्याची भरही पडेल. प्रश्न होता, टाइप करायचा कशात? नुसत्या मजकुराला कळत नाही की यात झाडाचं नाव कुठलं आणि गावाचं कुठलं. त्यासाठी मजकुरातच खुणा कराव्या लागतात. त्या खुणांचे दोन प्रकार. एक हलका. ओळीआधी हॅश टाकला की ते शीर्षक, शब्दाच्या दोन्ही बाजूंना चांदणी टाकली की तो ठळक, खालची रेघ टाकली की तिरका. मोबाईलवर निरोप पाठवणाऱ्या कुणालाही हे येतं. दुसरा प्रकार बांधीव. त्यात प्रत्येक तुकडा कोनदार कंसांच्या चौकटीत बसवायचा, चौकटीवर आत काय आहे त्याचं नाव लिहायचं, आणि उघडलेली प्रत्येक चौकट बंद करायचीच.

यावर बाईंच्या पडवीत आमची मोठी जुंपली. बाईंचा विद्यार्थी अभिजित, पुण्याला मोठ्या हुद्द्यावरचा इंजिनिअर, बांधीव पक्षाचा. मी हलक्या पक्षाचा.

"काका, हलक्या खुणा फक्त दिसण्यापुरत्या असतात," अभिजित म्हणाला. "अर्थ त्यांना कळत नाही. पुढं पस्तावाल."

"पुढं जाण्यासाठी आधी कुणी टाइप तर केलं पाहिजे ना! तुझे ते कंस दहिवडीला मोबाईलवर कोण शोधत बसणार?"

बाईंनी दोघांचं ऐकून घेतलं. मग फोन लावला संपतरावांना. संपतराव म्हणजे फौजेतून सुभेदार होऊन आलेले, दहिवडीजवळ शेती आणि मेंढरं सांभाळणारे, कोशाचे आमचे पहिले स्वयंसेवक. बाईंनी त्यांना एकच नोंद दोन्ही तऱ्हांनी करायला सांगितली. हलकी नोंद चहा यायच्या आत आली. बांधीव नोंद दुसऱ्या दिवशी आली आणि उघडलीच नाही. कुठंतरी एक चौकट बंद करायची राहिली होती.

संपतरावांनी मला फोन केला. "हणमा, ह्ये काय रं? एक कंस ऱ्हायला तर अख्खी फाइल रिजेक्ट? आमच्यात शर्टाचं एक बटन तुटलं तर शिक्षा व्हायची, पर गेटच्या भाईर न्हाई काढायचे!"

आम्ही तेव्हाही बाईंच्या पडवीतच होतो आणि फोन स्पीकरवर होता. अभिजितही हसला. बाई म्हणाल्या, "हलक्या खुणा." मी जिंकलो होतो.

पुढच्या पावसाळ्यात नोंदींचा पूर आला. माणमधून, जतमधून, कुठकुठून. अभिजितनं सगळ्या एकत्र करून सूची काढायचा प्रोग्राम चालवला आणि आम्ही पडवीत सूची बघायला बसलो. 'अ'खाली फारसं काही नाही. 'क'खाली तुरळक. आणि 'श'खाली पानंच्या पानं: श्री, श्री, श्री, श्री.

झालं होतं असं. आम्ही सांगितलं होतं, पहिल्या ओळीआधी हॅश टाका, ते शीर्षक. आता आपल्याकडच्या माणसाच्या कागदावर पहिली ओळ कुठली असते? झाडाचं नाव? छे! देवाचं नाव घेतल्याशिवाय हात पुढं सरकत नाही. कुणी ॥ श्री ॥, कुणी श्री बिरोबा प्रसन्न, सांगलीकडच्या दोघांनी श्री वीतरागाय नमः. एकानं ७८६. एका गुरुजींनी जय भीम. सगळ्यांनी आज्ञेप्रमाणे त्या ओळीआधी हॅश टाकला होता.

अभिजित कपाळाला हात लावून म्हणाला, "मॅडम, सगळ्यांना कळवतो, असलं काही वर लिहू नका."

"मुळीच कळवायचं नाही," बाई म्हणाल्या. "कोशाला ते लोक घरचं काम समजतात म्हणून ती ओळ आहे. ज्या दिवशी ती यायची बंद होईल त्या दिवशी समज, आपण त्यांना नोकर केलं."

पुढचं वाचून मीही हसायचा थांबलो. सांगणाऱ्या माणसांची नावं आम्ही तिरकी केली होती, आणि झाडांची लॅटिन नावंही तिरकीच असतात. प्रोग्रामला काय फरक कळणार! माझी आई दोन लॅटिन झाडांच्या मधे बसली होती. असती तर म्हणाली असती, "मला कुठं न्हेऊन बसवलीस रं, हणमा?"

आणि मग बाईंचं बोट एका ओळीवर थांबलं. झाडांच्या नावांच्या यादीत, दुधी आणि धोतरा यांच्या मधे एक नवंच झाड उगवलं होतं. त्याचं नाव 'देऊ नये'.

घाणेरीच्या नोंदीतली ती सावधगिरी होती, आईनंच सांगितलेली. दुष्काळात दुसरं हिरवं नसलं की मेंढरं घाणेरी खातात, मग उन्हात त्यांची कातडी सोलते. संपतरावांनी सावधगिरी ठळक केली होती, कारण ती महत्त्वाची. झाडाची दुसरी नावंही आम्ही ठळकच करत होतो, कारण तीही महत्त्वाची. आणि प्रोग्रामनं सावधगिरी उचलून नावांत टाकली. मागं उरलेल्या नोंदीत घाणेरी मेंढरं खातात एवढंच राहिलं.

"हे असंच छापलं असतं तर?" बाई म्हणाल्या. कुणाला उद्देशून नाही.

अभिजितनं 'मी म्हटलं नव्हतं का' असं तोंडानं म्हटलं नाही, हा त्याचा चांगुलपणा. माझा हलका पक्ष त्या क्षणी मी सोडला आणि म्हणालो, "बाई, बांधीवच करू सगळं. त्रास होऊ दे."

"आणि संपतरावांना गेटबाहेर काढू?" बाईंनी चष्मा काढला. "नाही. माणसं हलक्या खुणांनीच लिहितील, नाहीतर लिहिणारच नाहीत. पण साठवायचं ते बांधीवच साठवायचं. नाव ते नाव, गाव ते गाव, सांगणारा वेगळा, उपयोग वेगळा, सावधगिरी वेगळी. आणि सगळ्यांत वर एक चौकट 'आरंभ'. त्यात ज्याचा त्याचा देव. त्यांनी पाठवलेली मूळ फाइलही जपून ठेवायची."

"मॅडम, हलक्यातून बांधीव करताना प्रत्येक ठळक शब्दाचा अर्थ कोण ठरवणार?" अभिजितनं विचारलं. "प्रोग्राम नाही ठरवू शकत."

"ज्यानं ठळक केलं त्याला विचारायचं."

"प्रत्येकाला?"

"प्रत्येक शब्दाला," बाई म्हणाल्या.

अजून एक ठरायचं होतं. चौकटींची नावं अभिजित इंग्रजीत ठेवत होता, जगभर तशी पद्धत आहे म्हणून. बाईंनी ती मराठीत करायला लावली. म्हणाल्या, "पन्नास वर्षांनी हा कोश उघडणाऱ्याकडे कुठला संगणक असेल, मला माहीत नाही. त्याला मराठी येत असेल, एवढंच मी धरून चालते."

त्या दिवसापासून बाई फोन करत आहेत, आधी संपतरावांच्या सगळ्या नोंदींसाठी, मग बाकीच्यांच्या अक्षरवार. रोज. मधे मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी पडद्याकडे बघायला बंदी घातली, तर मला समोर बसवून नोंदी वाचायला लावल्या आणि फोन चालूच ठेवले. माझ्या कानांचं खरं काम तेव्हा झालं. संपतरावांना बाईंनी विचारलं, "रुईच्या नोंदीत 'चीक' ठळक का केलंत?" तर उत्तर आलं, "मॅडम, ती चांदणी चुकून पडली. माझं बोट लय मोटं हाय." ठीक. मग विचारलं, "आणि विहिरीवरच्या लसूणघासाच्या नोंदीत 'सकाळी' ठळक का केलंत?"

संपतराव गप्प. मला ती शांतता ऐकू आली. मी बाईंना हातानंच थांबा म्हटलं.

"मॅडम," संपतराव हळू म्हणाले, "आमचं थोरलं कोकरू त्यात गेलं हुतं, मी ल्हान आसताना. सकाळी, दहिवर पडलेलं, आन् उपाशी मेंढरू. त्या टायमाला लसूणघास खाल्ला की पोट फुगतं. चरून आल्याव, ऊन पडल्याव दिला तर काय बी व्हत न्हाई. मला वाटलं, सकाळी म्हटलं की समजंल."

त्या एका ठळक शब्दात अख्खी सावधगिरी होती आणि ती कुठंच लिहिलेली नव्हती. बाईंनी ती तशीच्या तशी, संपतरावांच्या शब्दांत, 'सावधगिरी'च्या चौकटीत घालून घेतली. शेवटी म्हणाल्या, "संपतराव, कोकराचंही लिहू का?" पलीकडून "लिव्हा" असं आलं.

सत्कार समितीचं म्हणणं होतं की अमृतमहोत्सवाच्या मंचावरच 'रानपाला'च्या नव्या आवृत्तीचं प्रकाशन व्हावं. योग्यच होतं ते. मान्यवर येणार, हार येणार, पुस्तक का नको? अजून विचारायचे शब्द पुष्कळ बाकी होते. ते तसेच ठेवून छापायचं, असं एकानं सुचवलं.

बाई म्हणाल्या, "माझ्या वाढदिवसाला कुणाची मेंढरं मारायची आहेत?"

विषय संपला. म्हणून आज मंचावर हा गौरवग्रंथ आहे, कोश नाही. समितीतल्या काहींना ते अजूनही रुखरुखतं. मला नाही. सोय बघून गप्प बसणारी मोठी माणसं मी पुष्कळ पाहिली, त्यांच्याही पत्रिका मीच छापल्या. बाई त्यांतल्या नव्हेत.

एक गोष्ट मात्र बाईंनी वाढदिवसाआधी करून घेतली. परवा त्या अभिजितला घेऊन प्रेसमध्ये आल्या. माझ्याकडे बिलं काढायला ठेवलेला एक जुना संगणक आहे. त्यात नुसता मजकूर दाखवणारा साधा प्रोग्राम आहे, बाकी काही नाही. बाई म्हणाल्या, "कोशाची फाइल यात उघडा. अभिजितचं काहीही न घालता."

फाइल उघडली. रंग नाही, ठळक नाही, तिरकं नाही. नुसते कंस आणि अक्षरं. बाईंनी इक्बालभाईंना बोलावलं. "वाचा बरं."

इक्बालभाईंनी चष्मा पुसला. "नोंद. आरंभ, श्री. नाव, घाणेरी. गाव..." आमच्या गावाचं नाव आलं. "सांगणारी, गजराबाई माने. सावधगिरी, देऊ नये. दुष्काळात मेंढरं हे खातात, उन्हात कातडी सोलते." ते थांबले. "बाई, ही तर मराठी हाय."

"हो," बाई म्हणाल्या. "जिवंत आहे."

सध्या कोशाचं काम 'प'पर्यंत आलं आहे. पुढं अजून 'फ' ते 'ह' आणि शेकड्यांनी फोन. तेव्हा बाईंना शुभेच्छा देताना मी मोघम काही मागणार नाही. ऑपरेशन झालेला डोळा स्वच्छ राहो आणि दुसऱ्यावर वेळ न येवो. गुडघे टँकरच्या रांगेत उभं राहण्याइतके पक्के राहोत. माण-जतमध्ये बाईंचा फोन जाईल तिथं रेंज असो. 'ह'ची शेवटची नोंद बाईंनी स्वतःच्या हातानं बंद करावी, मग पहिल्यापासून सुधारित आवृत्ती काढायला घ्यावी, आणि त्या वेळीही गाडी चालवायला मला बोलवावं.

या ग्रंथासाठी संपतरावांनीही मोबाईलवरून शुभेच्छा पाठवल्या आहेत. वर हॅश टाकून ॥ श्री ॥ आणि खाली दोनच ओळी: 'मॅडम, ह येईस्तोवर आपली ड्युटी हाय. मधी रजा मिळणार न्हाई.' दुसऱ्या ओळीला दोन्ही बाजूंनी चांदण्या.

स्वतःच्या गौरवग्रंथाची प्रुफं बाईंनी बघू नयेत असं आम्ही ठरवलं होतं. बाईंनी अर्थातच बघितली, आणि माझ्यासमोरच फोन लावला.

"संपतराव, दुसरी ओळ ठळक का केलीत?"

"मॅडम," संपतराव म्हणाले, "ती सावधगिरीत घाला."